बांधावर फुलणारा तेरडा अंगणात का कुजतो?

गोव्यातल्या पर्वरीच्या एका ताईंनी विचारले आहे: डिचोलीकडच्या त्यांच्या मूळ घरी बांधावर तेरडा दर पावसाळ्यात न लावता उगवतो आणि फुलतो. तेच बी त्यांनी पर्वरीच्या नव्या घराच्या अंगणात टाकले. पहिल्या वर्षी रोपे बोटभर झाली आणि कुजली. दुसऱ्या वर्षी पोर्चच्या कडेला, भरपूर खत घालून लावली, तर ती कमरेएवढी वाढून लोळली आणि गणेश चवथीला जेमतेम चार फुले आली. आता पाकिटातले डबल फुलांचे बी घ्यावे का, कुंडीत जमेल का, आणि पठारावरची छोटी रानफुले मुळासकट आणून लावता येतील का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, बी तुमचे उत्तम आहे, ते बदलायची गरज नाही. दोन्ही वर्षी जागेने घात केला, आणि दुसऱ्या वर्षी त्यात खताची भर पडली.

आधी बांध नीट आठवून बघा. उतार असतो, दगडांच्या फटीत पालापाचोळा कुजून भुसभुशीत झालेला असतो, आणि जुलैत कितीही कोसळले तरी पाणी तिथे टिकत नाही. तेरड्याला रोज पाऊस चालतो, पण मुळाशी पाणी तुंबलेले एक दिवसही सोसत नाही. त्याचे खोड हातात धरून पाहिलेत तर आतले पाणी दिसेल इतके ते रसाळ असते. जमिनीलगत पिथियमसारखी बुरशी लागली की रोप दोन दिवसांत आडवे होते. त्यालाच आपण ‘मर’ म्हणतो. तुमच्या पहिल्या वर्षीच्या रोपांचे बहुधा हेच झाले.

पर्वरी पठारावर वसलेली आहे, खाली जांभा कातळ. नवे घर बांधताना अंगण सपाट करायला ट्रकने लाल माती आणतात, ती जेसीबी फिरून दाबली जाते, वर फरशी किंवा पेव्हर बसतात आणि कडेला फूटभर पट्टी बागेसाठी सोडली जाते. त्या पट्टीत वर हातभर माती आणि खाली दगड. सुरुवातीला पाणी मुरते, मग माती भरून जाते आणि जूनअखेरीपासून ती जागा डबक्यासारखी वागते, वर पाणी दिसत नसले तरीही. म्हणून पावसाचे चार दिवस सलग झाले की त्या पट्टीत फूटभर खोल खड्डा खणून बादलीभर पाणी ओता. तासाभरात निम्मेही उतरले नाही, तर तिथे सपाटीवर काहीच लावू नका. ही परीक्षा मे महिन्यात करून उपयोग नाही. कोरडी माती तेव्हा सगळेच पिऊन टाकते आणि आपली फसगत होते.

उपाय सोपा आहे. जमिनीपासून वीतभर, म्हणजे साधारण २० सेंमी उंच वाफा करा. कडेला चिऱ्याचे तुकडे नुसते रचून लावा, सिमेंटने सांधू नका, कारण पाणी त्या फटींतूनच बाहेर पडायचे आहे. आत दोन घमेली लाल माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक घमेले जाडसर काहीतरी: बारीक जांभा खडी किंवा नारळाच्या सोडणांचे तुकडे. किनाऱ्यावरची वाळू आणायचा मोह होतो, फुकट मिळते म्हणून. तिच्यात मीठ असते, ती नकोच. आपली जांभ्याची माती आम्ल असते, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी ५ ते ६ च्या दरम्यान. तेरडा ते चालवून घेतो, तरी वाफा भरताना चौरस मीटरला शंभर ग्रॅम डोलोमाइट (चुनखडीसारखी भुकटी) किंवा चुलीची दोन मुठी राख मिसळली तर रोपे अधिक जोमदार होतात. दोन्ही एकदम घालू नका.

खताबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे नाही. वाफ्यात घातलेले शेणखत पुरते. मुसळधार पावसात खत वाहून जाते हे खरे, म्हणून कळ्या दिसू लागल्या की प्रत्येक रोपाला ओंजळभर गांडूळखत बुंध्यापासून थोडे दूर पसरून द्या. युरिया, कोंबडखत, ओले शेण यांपासून लांब राहा. नत्र जास्त झाले की खोड फुगते, पाने मोठी होतात, झाड वाऱ्यापुढे उभे राहत नाही आणि फुलण्याचे नाव घेत नाही. तुमच्या दुसऱ्या वर्षीच्या कमरेएवढ्या झाडांचे अर्धे कारण हे.

उरलेले अर्धे कारण म्हणजे पोर्च. एक तर छपराच्या पागोळ्या तिथेच पडत असणार. पागोळ्यांखाली मातीत खळगा पडतो, मुळे उघडी होतात आणि मातीचे शिंतोडे पानांवर उडून ठिपक्यांचा रोग वर चढतो. दुसरे, पावसाळ्यात आभाळ आधीच झाकलेले, त्यात भिंतीची सावली. रोप उजेडाच्या शोधात उंच होत जाते. तेरड्याला थोडी सावली चालते असे सगळीकडे लिहिलेले असते. ते कडक उन्हाच्या दिवसांपुरते ठीक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये त्याला मोकळे आभाळ हवे. फणस किंवा आंब्याखाली तर लावूच नका.

तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पोर्चचा दिवा रात्रभर चालू असतो का? तेरडा ही लहान दिवसांत फुलणारी वनस्पती म्हणून शास्त्रज्ञांनी भरपूर अभ्यासलेली आहे. आपल्याकडे जूनच्या अखेरीस दिवस सुमारे १३ तासांचा असतो आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तो १२ तासांच्या थोडा वर इतका खाली येतो. रात्र मोठी होत चालली, हे झाडाला कळले की ते कळ्या धरायच्या मागे लागते. बागेसाठी तयार केलेल्या काही जातींना याचे फारसे सोयरसुतक नसते, पण बांधावरच्या रानटी तेरड्याला असते. डोक्यावर रात्रभर प्रखर दिवा असेल तर त्याची रात्र होतच नाही. रस्त्यावरच्या दिव्याखालची झाडे नुसती हिरवी राहतात, ती त्यामुळेच. दिवा बंद ठेवता येत नसेल तर वाफा दुसरीकडे करा.

आता चवथीचे गणित. बी पेरल्यापासून पहिले फूल यायला साधारण ६० ते ७० दिवस लागतात. पण चवथ काही एका तारखेला बसत नाही. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला. म्हणजे अठरा दिवसांचा फरक. बांधावरच्या तेरड्याला हे गणित करावे लागत नाही, कारण तिथे बी एकाच वेळी उगवत नाही. काही मृगाच्या पहिल्या सरीला, काही मागाहून, आणि त्यामुळे काही ना काही फुललेले असतेच. आपणही तेच करावे. चवथ ऑगस्टअखेर असेल तर अर्धे बी मृगाच्या मध्यावर आणि अर्धे आर्द्रा लागताना, म्हणजे जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पेरा. चवथ सप्टेंबरच्या मध्यावर असेल तर पहिला हप्ता आर्द्रेत आणि दुसरा पुनर्वसूत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. मे महिन्यात नळाचे पाणी देऊन लवकर रोपे करण्याची घाई करू नका. ती फुलायला फारशी लवकर येत नाहीत, नुसती उंच होतात आणि जुलैच्या वाऱ्यात मोडतात.

मृगात थेट वाफ्यात पेरता येते. बी मोहरीच्या दाण्यासारखे असते. ते अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका, वरून चाळलेली माती भुरभुरवली की झाले. आठवड्याभरात, फार तर दहा दिवसांत उगवते. आर्द्रेनंतर मात्र थेट पेरणी म्हणजे जुगार. एका जोरदार सरीत बी वाहून शेजारच्या गटारात जाते. तेव्हा ते ट्रेमध्ये किंवा दुधाच्या रिकाम्या पिशव्यांमध्ये, छपराखाली पण उजेडात पेरा. तीनेक आठवड्यांत चार-पाच खरी पाने आली की वाफ्यात हलवा. लावताना रोप पूर्वीपेक्षा थोडे खोल गेले तरी चालते, खोडाच्या खालच्या पेऱ्यांनाही मुळे फुटतात. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा. इतकी मोकळी जागा बघून सुरुवातीला जीव थोडा होतो आणि मध्ये आणखी दोन रोपे खुपसावीशी वाटतात. खुपसू नका. दाटीत झाडे फांद्या काढत नाहीत, सरळ वर जातात, आणि आत हवा न खेळल्यामुळे ऑगस्टमध्ये सगळी एकदम सडतात.

शेंडा खुडावा का, हे पुष्कळ जण विचारतात. तेरड्याची फुले खोडाला लागून, पानांच्या बगलेत येतात. शेंडा खुडला तर फांद्या वाढतात, पण फुलणे आठवडा-दोन आठवडे मागे जाते. चवथ गाठायची असेल तर खुडू नये. त्यापेक्षा रोप वीतभर झाले की बुंध्याशी मातीची भर द्या. काठ्यांच्या आधारापेक्षा त्याने झाड घट्ट उभे राहते.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात, ते एका फुलापुरते बरोबर आहे. झाड महिना-सव्वा महिना फुलत राहते. गळलेल्या पाकळ्या तेवढ्या पानांच्या बगलेतून काढून टाकत जा, नाहीतर त्या चिकटून सडतात आणि खोडाला बुरशी देतात. कोकणात बऱ्याच घरांत तेरड्याची रोपे मुळासकट काढून गौर म्हणून आणतात. तुमच्याकडे ती पद्धत असेल तर तेवढी रोपे जास्तीची लावा, म्हणजे वाफा उजाड होणार नाही.

डबल फुलांच्या बियांबद्दल माझे मत सांगतो, सगळ्यांना ते पटेल असे नाही. कॅमेलियासारख्या भरगच्च फुलांच्या जाती आणि टॉम थंबसारख्या बुटक्या जाती दिसायला सुंदर आहेत, पण आपल्या जुलैसाठी त्या नाहीत. भरगच्च फुलात पाणी साठते, फूल जड होते, दोन दिवस ऊन पडले नाही की आतून तपकिरी पडून सडू लागते. शिवाय अशा फुलात पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे मधमाश्यांना तिथे काम उरत नाही आणि बीही कमी धरते. एकेरी फूल पावसात धुऊन निघते आणि पुन्हा ताजेतवाने दिसते. म्हणून उघड्या वाफ्यात तुमचा बांधावरचाच तेरडा लावा. डबल हौसेने हवाच असेल तर बुटकी जात कुंडीत, छपराच्या कडेला, जिथे उजेड येतो पण पाऊस थेट पडत नाही अशा जागी.

कुंडीत जमते, आणि चांगले जमते. दहा इंची कुंडीत एक रोप, फार तर दोन. भोके तीन तरी हवीत, कुंडी विटेच्या तुकड्यांवर उचललेली हवी, आणि पावसाळ्यात खालची बशी काढून टाका. समुद्राकडे तोंड असलेल्या पश्चिमेच्या बाल्कनीत लावणार असाल तर जाळीच्या किंवा भिंतीच्या आडोशाला ठेवा. पावसाळी वारा तिथूनच येतो, आणि किनारा जवळ असेल तर सोबत खारे तुषार आणतो. छपराखालच्या कुंडीला मात्र पावसाळ्यातही पाणी द्यावे लागते, हे लोक विसरतात. दुपारी माना टाकलेला तेरडा संध्याकाळी पाण्याने उभा राहिला तर तो तहानलेला होता. पाणी देऊनही सकाळी तसाच पडलेला असेल तर मुळे सडली आहेत, त्याला आणखी पाणी म्हणजे शिक्षा.

कीड-रोगांत आपल्याकडे पहिला शत्रू शंखी गोगलगाय, ती मोठी आफ्रिकन. एका रात्रीत कोवळ्या रोपांची रांग साफ करते. औषधाच्या गोळ्या मिळतात, पण त्यातल्या मेटाल्डिहाइडने कुत्री-मांजरे दगावतात, म्हणून घरच्या बागेत मी त्या वापरू देत नाही. रात्री आठ-नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन फिरा, हातमोजे किंवा चिमटा वापरून त्या वेचा आणि दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. बादलीतले पाणी बागेत ओतायचे नाही, हेही सांगून ठेवतो. वाफ्यावर आच्छादन म्हणून सोडणे पसरत असाल तर ती पालथी ठेवा. उताणी ठेवली तर पाणी साठून डास होतात, आणि पालथीखाली दिवसा गोगलगायी लपतात. म्हणजे सकाळी एक फेरी मारून सोडणे उलटून बघायची. त्रासदायक वाटते, पण फुकटचा सापळा आहे.

पाने अचानक कडेपासून खाल्लेली आणि खाली काळ्या जाड लेंड्या दिसल्या तर वर नीट बघा. काळपट रंगाची, अंगावर पिवळ्या-लाल डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग आणि शेपटाला हलणारे शिंग असलेली बोटभर अळी सापडेल. थेरेट्रा नावाच्या पतंगाची ती अळी, अळूवरही येते. दिसायला भयंकर, पण चावत नाही. झाडे पुष्कळ असतील तर एखादे तिला सोडून द्या, कमी असतील तर उचलून दूर टाका. फवारणीची गरज नाही. सप्टेंबरअखेर ऊन पडू लागले की पानांवर पांढरी भुरी येते. तोवर झाडांचे काम झालेले असते, गंधक मारत बसण्यापेक्षा भुरीची पाने काढा आणि बी धरू द्या.

मुळांवर गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमीची, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म कृमींची बाधा. पुढच्या वर्षी तेरडा तिथे लावू नका, त्या जागी झेंडू लावा.

आता पठारावरची फुले. तुमचा मोह मला कळतो. ऑगस्टमध्ये कातळावर सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा आणि मध्ये गेंदाचे पांढरे ठिपके दिसले की कोणालाही घरी न्यावेसे वाटते. पण नेऊन ती जगत नाहीत. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती आहे. तिला खरी मुळेच नसतात, पाण्याच्या पातळ थरात बारीक पिशव्यांनी ती सूक्ष्म जीव पकडते. कातळावरच्या बोटभर मातीतले, अन्नद्रव्यांत गरीब, सतत पाझरणारे पाणी हेच तिचे घर. तुमच्या शेणखताच्या वाफ्यात ती आठवडाभरही टिकणार नाही. कातळावर तेरड्याच्या कुळातल्या छोट्या रानटी जातीही आहेत, त्याही अंगणात रमत नाहीत. म्हादई किंवा भगवान महावीर अभयारण्याच्या हद्दीतून तर काही उपटणे गुन्हाच आहे. आणि हद्दीबाहेरच्या पठारांवरही आता इमारती इतक्या चढल्या आहेत की उरलेला कातळ आपण तरी खरवडू नये. तुमच्या स्वतःच्या बांधावरचे बी आहे, त्याच्यावर कोणाची हरकत नाही.

ते बी गोळा करण्याची एक पद्धत आहे, नाहीतर हाती काही लागत नाही. पिकलेल्या बोंडाच्या पाच फाका ताणून बसलेल्या असतात. बोट लागले की आत वळतात आणि बी चार-पाच फूट उडवतात. बोंड गडद हिरव्याचे फिके, पिवळसर आणि टपोरे झाले की उघडीप बघून, दव सुकल्यावर, आधी खाली मूठ धरा आणि मग बोंड त्या मुठीतच फुटू द्या. किंवा जुन्या साडीच्या मलमली तुकड्याची पिशवी फांदीला सैल बांधून ठेवा. वेगळा रंग जपायचा असेल, पांढरा किंवा गडद लाल, तर फुलावर असतानाच त्या झाडाला रंगीत दोरा बांधा, आणि तो वाफा गुलाबीपासून जमेल तितका दूर ठेवा. मधमाश्या एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परागांची सरमिसळ करतात, आणि गुलाबीच्या शेजारच्या पांढऱ्या झाडाच्या बियांतून पुढच्या वर्षी गुलाबी निघाली तर बी बदलले असे समजू नका.

बी सावलीत कागदावर आठवडाभर वाळवा. आपल्या हवेत ओल इतकी की नुसत्या पुडीत ठेवलेले बी मार्चपर्यंत बुरसटते. काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत तळाला दोन चमचे कोरडी राख किंवा औषधाच्या डब्यातली सिलिका जेलची पुडी टाका, वर कागदी पाकिटात बी, पाकिटावर रंग आणि वर्ष. बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर नको, तिथे वाफ असते, कपाटात ठेवा. सगळे बी वेचायचे मात्र नाही. थोडे वाफ्यातच पडू द्या, आणि मेअखेर तिथली माती उकरू नका. मृगाची पहिली सर पडली की त्यातले काही आपोआप उगवेल. ते कुठे जोमाने उगवले आणि कुठे उगवलेच नाही, हे बघून ठेवलेत की पुढचा वाफा कुठे करायचा, हे मला विचारावे लागणार नाही.